वंश जपणारी थंडी

दिल्लीतील टेकडीवरच्या ‘हिंदूराव’ भागाला नाव मिळाले ते कागलच्या हिंदूराव घाटगे यांचे. त्यांच्या वाड्याच्या आवारात आज मोठे रुग्णालय आहे. कागलसारखेच मुधोळही मराठा सरदारांचे गाव. तिथल्या घोरपडे राजघराण्याने सडपातळ, चपळ शिकारी कुत्री जोपासली. माणसाचे नाव असे इमारतीला देऊन टिकवता येते, पण जातिवंत कुत्र्याचा वंश कसा टिकवायचा?

त्यासाठी नराचे वीर्य साठवता येते. 1780 मध्ये इटलीच्या स्पालान्झानी यांनी कुत्रीवर कृत्रिम रेतन केले आणि 62 दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. आता नर दिल्लीत आणि मादी पुण्यात असली तरी अडत नाही. अंड्याचा पिवळा बलक, साखर व प्रतिजैविक असलेल्या द्रावणात मिसळून 4-5 अंशांवर ठेवलेले वीर्य काही दिवस टिकते. ग्लिसरॉल घालून, बारीक कांड्यांत भरून उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवले, तर ते कित्येक वर्षे टिकते.

कांडी म्हटले की आपल्याला गाय आठवते. पण गाय साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते, कुत्री मात्र बहुधा वर्षातून दोनदाच. वेळ चुकली तर सहा महिने थांबावे लागते. शिवाय गोठवलेले वीर्य वितळल्यावर जेमतेम दिवसभर तग धरते. म्हणून रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासून दिवस ठरवतात आणि वीर्य थेट गर्भाशयात सोडतात. कुत्रीच्या गर्भाशयाच्या मुखातून नळी नेणे अवघड असते. ते जाणत्या पशुवैद्याचेच काम आहे. आधी नर-मादी दोघांचीही ब्रुसेलोसिसची तपासणी हवीच.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कृत्रिम रेतनाविषयीच्या अटीही तिथेच आधी विचारून घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट घरातल्या मुलांना आधीच समजावून सांगावी. कांडीतून गेलेला ‘मोती’ परत येत नाही. येतात ती त्याची पिल्ले, अर्धी आपल्या आईवर गेलेली. त्यांना वाढवण्याचा भार त्या आईवरच पडतो. म्हणून कांडी वितळवण्यापूर्वी तिची तब्येत पाहावी आणि प्रत्येक पिल्लासाठी घर ठरवून ठेवावे.