गोसीखुर्दचा गाळ आणि चुलबंदची रेती

रेती हा विषय आपल्या वर्तमानपत्रांत बहुधा गुन्ह्यांच्या बातम्यांतूनच येतो. अमुक घाटावर ट्रॅक्टर पकडला, तमुक रस्त्यावर टिप्पर अडविला, तलाठ्याच्या अंगावर गाडी घातली. त्यामुळे रेतीचा प्रश्न म्हणजे चोर आणि शिपाई यांचा प्रश्न, अशी एक समजूत सुशिक्षितांतही रूढ होऊन बसली आहे. शासनाच्या धोरणांचा इतिहास पाहिला तर ही समजूत मंत्रालयातही असावी असे म्हणावे लागते. २०१३ साली गौण खनिजांचे नियम झाले. २०१९ साली रेतीचे नवे धोरण आले. २०२३ च्या एप्रिलमध्ये लिलाव बंद करून ६०० रुपये ब्रासने शासकीय डेपोतून रेती देण्याची घोषणा झाली. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तो डेपोही गुंडाळून पुन्हा लिलावाची वाट धरण्यात आली. या साऱ्या फेरबदलांत वाद झाला तो रेती कोणी विकावी आणि कोणत्या दराने विकावी याचा. नदी वर्षाकाठी किती रेती आणते आणि ती कोठे ठेवते, हा मूळ प्रश्न मात्र दुय्यमच राहिला.

तो प्रश्न भंडारा जिल्ह्यात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. लाखांदूर तालुक्यातील दिघोरी हे चुलबंद नदीच्या खोऱ्यातील धानाचे गाव. चुलबंद गोंदिया जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून निघते, साकोली, लाखनी, लाखांदूर या भागांतून वाहते आणि वैनगंगेस मिळते. पावसाळ्यात तिला पूर येतात आणि उन्हाळ्यात तिची धार बोटाएवढी होते. परंतु धार आटली म्हणजे पाणी संपले असे नव्हे. ते रेतीच्या पोटात असते. एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, भिजलेल्या रेतीच्या कणांमधील पोकळीत सहाशे ते आठशे लिटर पाणी मावते. काठच्या विहिरी, नदीपात्रातील पाणीपुरवठ्याच्या विहिरी आणि उन्हाळी धान यांना जगविणारा हा साठा कोणत्याही नोंदवहीत लिहिलेला नसतो. घाटावरून हजार ब्रास रेती उचलली गेली की सहा-आठ लक्ष लिटरची एक टाकी फुटली असे समजावे. फरक इतकाच, की टाकी फुटल्याचा आवाज होतो.

आता याच जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण उभे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. तेव्हा ३७२ कोटींचा असलेला हा प्रकल्प पुढे राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि त्याचा खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. त्या खर्चाची कथा स्वतंत्र आहे, येथे तिचा विस्तार नको. आपल्या विषयापुरते एवढेच ध्यानात घ्यावयाचे, की धरण पाणी अडविते तसेच ते रेतीही अडविते. वैनगंगा, कन्हान आणि त्यांच्या उपनद्या वरून जी रेती लोटीत आणतात, ती धरणाच्या ३३ दरवाजांतून पुराबरोबर सुखाने पुढे जाते असे नाही. बारीक गाळाचा काही अंश जातो. जाड रेती मागेच बसते. धरणाखालच्या पात्रात येते ती चुलबंदीसारख्या नद्यांनी आणलेली, आणि तीवरच पवनी-लाखांदूरकडील घाटांचा व्यापार चालतो. वर रेती अडकून पडली आहे आणि खाली तिची आवक आटली असताना उचल चालू आहे, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

यावर सुचणारा उपाय साहजिक वाटतो: धरणातील रेती यंत्राने उपसा, ती विका, धरणाची साठवणक्षमता परत मिळवा आणि नद्यांना विश्रांती द्या. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात राज्य शासनाने जायकवाडी, उजनी, गिरणा, मुळा यांच्या जोडीला गोसीखुर्दचेही नाव गाळमिश्रित रेती काढावयाच्या धरणांच्या यादीत घातले होते, ते याच विचाराने. विचार मूलतः चुकीचा नाही. पण यंत्र कसे चालते हे समजून घेतल्यावाचून त्याला होकार किंवा नकार देणे दोन्ही धोक्याचे आहे.

ज्याला व्यवहारात सक्शन पंप म्हणतात ते यंत्र तसे साधे आहे. तराफ्यावर किंवा लोखंडी होडीवर एक डिझेल इंजिन, त्याला जोडलेला पंप, पंपातून तळापर्यंत सोडलेला जाड नळ. पंप सुरू झाला की तळाशी पाणी वेगाने नळात शिरते आणि आपल्याबरोबर रेती ओढून नेते. तळ कठीण असेल तर नळाच्या तोंडाशी फिरते पाते बसवितात. वर येते ते रेतीपाणी. त्यात रेती सहसा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमीच, बाकी पाणी. ते तरंगत्या नळाने काठावर सोडले की रेती जागच्या जागी बसते आणि पाणी वाहून परत नदीत जाते. समजा, तासाला ३०० घनमीटर मिश्रण उपसणारा पंप असेल आणि त्यात १५ टक्के रेती असेल, तर तासाला ४५ घनमीटर, म्हणजे सुमारे १६ ब्रास रेती निघेल. दहा तासांत १६० ट्रॉल्या. कोकणच्या खाड्यांत डुबी मारून बादलीने रेती काढणारा मजूर आणि हे यंत्र यांची तुलना बैलगाडी आणि आगगाडी यांच्यासारखीही होणार नाही. कारण डुबीवाल्याला त्याच्या श्वासाची मर्यादा आहे आणि पंपाला केवळ डिझेलची.

या साध्या यंत्राच्या दोन गोष्टी मात्र गाळ काढण्याच्या साऱ्या योजनेला कलाटणी देणाऱ्या आहेत. पहिली अशी, की काठावर बसते ती फक्त रेती. बारीक गाळ बसण्यास मोठी स्थिर तळी आणि कित्येक दिवस लागतात. तशी सोय करण्याचा खर्च कोणताही ठेकेदार आपण होऊन करणार नाही. तो रेती ठेवून घेईल आणि गढूळ पाणी पुन्हा जलाशयात सोडून देईल. दुसरी अशी, की खोली वाढली म्हणजे नळातील मिश्रणाचा भार वाढतो आणि तराफ्यावरच्या पंपाची दमछाक होते. म्हणून मोठ्या बंदरांत चालणाऱ्या ड्रेजरांचा पंप पाण्याखाली, नळाच्या मानेवर बसवितात. ती यंत्रे महाग. साध्या पंपाला उथळ पाणीच सोयीचे.

आता जलाशयात गाळ कसा बसतो ते पाहू. नदी जलाशयात शिरते तेथे तिचा वेग मंदावतो आणि हातातले जड ओझे ती तेथेच टाकते. जाड रेती जलाशयाच्या वरच्या टोकाला, उथळ पाण्यात, आणि बारीक माती पुढे, धरणाच्या भिंतीकडे खोल पाण्यात. म्हणजे विकाऊ माल नेमका उथळ पाण्यात, साध्या पंपाच्या आटोक्यात; आणि धरणाची क्षमता खाणारा मातकट गाळ खोलवर, ज्याला गिऱ्हाईक नाही. 'धरणातील गाळ काढणे' असे नाव देऊन ठेका दिला आणि मोबदला ब्रासवर ठेवला, तर ठेकेदार आंभोऱ्याच्या संगमापासून वर रेती खणील आणि भिंतीजवळचा गाळ आहे तेथेच राहील. मग ज्या साठवणक्षमतेसाठी हा खटाटोप, तिची भर नाममात्र पडेल. यात ठेकेदार अप्रामाणिक असण्याचीही गरज नाही. कराराचा कागदच त्याला तिकडे नेईल.

वरच्या टोकाशी असे खोल खणण्याचे परिणाम तेथेच थांबत नाहीत. पात्रात एकदा खड्डा पडला की वरून येणारे पाणी त्या खड्ड्याच्या कडेला कोसळत कोसळत तळ उकरीत मागे सरकते; वैनगंगा आणि कन्हान या दोन्ही नद्यांचे तळ वरपर्यंत खचू शकतात आणि पुलांच्या पायांभोवतीची रेती सुटू शकते. आंभोऱ्याला नव्याने झालेला पूल पाहण्यास लोक हौसेने जातात. त्याच्या खांबांभोवती काय चालले आहे याकडेही कोणी पाहिले पाहिजे. शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तेथून गोसीखुर्दच्या जलाशयात येते, ही गोष्ट भंडाऱ्याच्या लोकांना सांगावयास नको. ती घाण गाळाबरोबर तळाशी बसलेली आहे. पंपाने तळ ढवळला की ती पुन्हा पाण्यात येणार. जलाशयावर मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांना त्याची झळ सर्वांत आधी पोहोचेल, कारण माशांची अंडी आणि पिले उथळ काठांवरच असतात.

चीनमध्ये असेच एक स्थलांतर घडून गेले आहे. यांगत्सी नदीवरील रेतीउपशावर तेथील सरकारने २००० सालाच्या सुमारास बंदी घातली. उपसणाऱ्या बोटी मग पोयांग सरोवरात गेल्या. त्यांनी सरोवराचा नदीकडे जाणारा मार्ग इतका खोल आणि रुंद केला, की कोरड्या हंगामात सरोवरातील पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरू लागले. गोसीखुर्दचे तोंड सिमेंटच्या भिंतीने बांधलेले आहे, म्हणून तसे तेथे घडणार नाही. परंतु बंदीने यंत्र नष्ट होत नाही, ते जागा बदलते, हा भाग आपल्यालाही लागू आहे. उजनीच्या फुगवट्यात महसूल खाते बेकायदा बोटी पकडून जिलेटीनने उडवून देते आणि काही महिन्यांनी तशाच बोटी पुन्हा पाण्यावर दिसतात. २०१५ साली रेतीतस्करांना स्थानबद्धतेच्या कायद्याच्या कक्षेत आणले, जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड वाढविला, वाहने जप्त केली. मागणी कायम असेतो हा खेळ चालू राहणार.

मागणी तर खोटी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या अहवालात जगाचा रेती-खडीचा वार्षिक वापर ५० अब्ज टनांच्या घरात असल्याचे म्हटले आहे. आपल्याकडे दिघोरीच्या घरकुलधारकालाही चार-पाच ब्रास रेती हवीच असते आणि ती वेळेवर न मिळाल्याने जोत्यावर थांबलेली घरे खेडोपाडी दिसतात. नदी वाचवा म्हणणाऱ्यांनी या माणसाला उत्तर दिले पाहिजे. दगड भरडून केलेली कृत्रिम रेती हे एक उत्तर आहे आणि २०२५ साली शासनाने तिला उत्तेजन देण्याचे ठरविले, हे योग्यच झाले. मात्र लाखांदूरच्या खेड्यात ती पोहोचेपर्यंत वाहतुकीनेच तिचा भाव चढतो.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे, की वाहत्या चुलबंदीत सक्शन पंपाला कोणत्याही सबबीवर स्थान असू नये आणि गोसीखुर्दच्या जलाशयात त्याला सरसकट मज्जावही असू नये. पहिल्या भागाविषयी कायदा स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार प्रकरणात लहान घाटांनाही पर्यावरणीय मंजुरी बंधनकारक केली. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वाहत्या पात्रातील यांत्रिक उपशास विरोध दर्शवून खोलीला तीन मीटरची मर्यादा घातली. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात न्यायालयाने, नदी किती रेती परत भरून आणते याच्या अभ्यासावाचून दिलेली मंजुरी टिकणार नाही, असे बजाविले. चुलबंदीच्या प्रत्येक घाटाचा लिलाव काढण्यापूर्वी हा अभ्यास कोठे आहे, असे ग्रामसभेने विचारावे. तो इंग्रजीत असेल तर त्याचा मराठी गोषवारा मागावा. दिघोरीसारख्या गावातील शिक्षक आणि पदवीधर तरुण यांना हे काम अवघड नाही. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्राची पातळी एका ठरावीक खुणेपासून मोजून ठेवणे तर शाळेतील मुलांनाही जमेल.

दुसऱ्या भागासाठी करार बदलावा लागेल. ठेकेदाराला मोबदला रेतीच्या ब्रासवर न देता, जलाशयाची क्षमता मोजमापाने जितकी वाढली तितक्यावर द्यावा. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, जलाशयांच्या गाळाची सर्वेक्षणे करीतच असते. कामापूर्वीचे आणि नंतरचे सर्वेक्षण तिच्याकडून व्हावे आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. तळाच्या गाळाची रासायनिक तपासणी आधी व्हावी. वरच्या टोकाला मूळ पात्राच्या पातळीखाली एक फूटही खणू देऊ नये. गढूळ पाणी निवळण्याची तळी बांधल्याशिवाय पंप सुरू होऊ नये. निवळलेला सुपीक गाळ, तपासणीत निर्दोष ठरल्यास, बांध्यांत टाकता येईल. या प्रदेशात तलावांचा गाळ शेतात नेण्याची रीत कोहळ्यांनी तलाव बांधले तेव्हापासूनची आहे. मालगुजारी गेल्यावर तलाव शासनाकडे आले आणि गाळ तलावातच राहिला, हा भाग वेगळा.

आणखी एक सूचना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. जलाशयातून निघालेल्या रेतीपैकी काही हिस्सा न विकता धरणाच्या खाली पात्रात परत टाकावा. जर्मनीत ऱ्हाईन नदीवरील इफेत्सहाइम येथील बंधाऱ्याच्या खाली १९७८ सालापासून दरवर्षी गोटे-रेती होड्यांनी नेऊन टाकली जाते, कारण धरणाखालची उपाशी नदी आपलाच तळ खाऊ लागते हे तेथील अभियंत्यांनी ओळखले. जपानमध्येही काही धरणांखाली असेच करतात. आपल्याकडे नदीत रेती टाकण्यासाठी पैसे खर्च करा म्हटले तर लेखापरीक्षक हसतील. पण पवनी आणि लाखांदूर यांच्यामधल्या वैनगंगेचा तळ खचला तर तिला मिळणाऱ्या चुलबंदीचाही तळ संगमापासून मागे मागे खचत जाणार, आणि मग दिघोरीच्या परिसरातील विहिरी खोल करण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येईल. तो खर्च कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही.

घरकुलांची रेती या जलाशयातूनच द्यावी. उपशाच्या करारात लाखांदूर आणि पवनी तालुक्यांतील घरकुलधारकांचा हिस्सा ब्रासमध्ये लिहून तो गोसीखुर्दच्या काठावर आधी मोजून बाजूला ठेवावा, आणि उरलेली रेती मगच नागपूरच्या बाजाराकडे जाऊ द्यावी.