पहिली केमो अपुरी पडते तेव्हा

मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात पहिल्या केमोने साधारण तिघांपैकी एका रुग्णाचा आजार हटत नाही किंवा उलटतो. पथ्य चुकल्याने हे होत नाही. तशी कुजबुज करणाऱ्या सोयऱ्यांना दारातच थोपवणं हे जोडीदाराचं पहिलं काम. पुढे बहुधा पुन्हा बायोप्सी, वेगळी केमो आणि तिला प्रतिसाद मिळाला तर स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण होतं. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाने विकसित केलेल्या कार-टी उपचारालाही (यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देतात) ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. तो निवडक रुग्णांनाच देता येतो. त्यासाठी अकोला-अमरावतीकरांना बहुधा मुंबई गाठावी लागते. रुग्णालयाचा दाखला असेल तर रेल्वेत शयनयान आणि थ्री एसीचं भाडं कर्करुग्णाला माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. दादरची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते; ज्यांच्या नावाने ती चालते ते गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. पिशवीत रिपोर्टांसोबत बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही हवेत, नाहीतर फेरी वाया जाते. केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला की रात्री दोनलाही दवाखाना गाठावा. नवा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की रोखून धरण्यासाठी, हे डॉक्टरांना रुग्णासमोरच विचारावं. वऱ्हाडात उपचाराचा निर्णय अनेकदा ओसरीवर भाऊबंदच घेऊन टाकतात. वेदनाशमनासाठी केमो थांबण्याची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही सोबत चालू शकतात.