बाबागाडी की झोळी?

घरात नातवंड आले की बाबागाडीचा विषय निघतोच. नारपोलीतील वाचकांनी मात्र खरेदीपूर्वी आपला जिना, आपली गल्ली आणि आपले गुडघे या तिघांचा सल्ला घ्यावा.

येथील गल्ल्या यंत्रमागांच्या. दारात कापडाचे तागे भरणारे टेम्पो, बाहेर अंजूरफाट्याकडे गोदामांचे ट्रक. लहान चाकांची गाडी खड्ड्यांत अडते; शिवाय तिच्यात बाळाचे नाक वाहनांच्या धुराच्या पातळीला येते. म्हणून वरून ओढणी टाकावी, तर आत उष्मा कोंडतो. गाडी घ्यायचीच तर मोठ्या चाकांची, पक्क्या ब्रेकची, खांदे, कंबर आणि दोन पायांमधूनही पट्टा येणारी घ्यावी. बाळ आधाराविना बसेपर्यंत तिची पाठ सपाट व्हायला हवी. जिन्यावर बाळ आणि गाडी वेगवेगळी न्यावीत.

बेबी कॅरिअर आपल्याला नवा नाही; लुगड्याची झोळी ही त्याची आजीच. कडेवरचे बाळ पायांनी आपल्या कमरेला विळखा घालते, त्याचे गुडघे कुल्ल्यांहून किंचित वर राहतात. खुब्याच्या सांध्याला हीच बैठक हितकर. कॅरिअरमध्ये पाय सरळ लोंबत असतील, तर तो दुकानातच परत करावा.

याहून गंभीर बाब श्वासाची. पहिले ४ महिने बाळाला मान नीट सावरत नाही. हनुवटी छातीला टेकली किंवा नाक कापडात दडले, तर ते न रडताही गुदमरू शकते. चेहरा सतत दिसावा, आपण मान लववताच त्याच्या कपाळाला ओठ लागावेत आणि हनुवटीखाली दोन बोटांची जागा राहावी. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

आता आपल्याविषयी. ६ महिन्यांचे बाळ साधारण ७ ते ८ किलोंचे असते. ते छातीशी बांधले की पायापुढची पायरी दिसत नाही. ज्यांना चक्कर येते, तोल जातो किंवा ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांनी कॅरिअर बांधूच नये. सुनेला काय वाटेल, हा संकोच येथे महागात पडतो. तो भार आई-बाबांनी वाहावा. आपण सपाट जागेवर गाडी ढकलावी. तिच्या मुठीला भाजीची पिशवी मात्र अडकवू नये. बाळ उचलताच गाडी मागे कलंडते.