शाळेचा कौल कोणी घ्यायचा?

आचऱ्याची गावपळण वाचकांना नव्याने सांगायला नको. तीन-चार वर्षांनी सारा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. निघण्याआधी श्री देव रामेश्वराचा कौल घेतात आणि परत यायलाही कौल लागतो. तीन दिवसांच्या कुलपासाठी एवढी विचारपूस! मग वाडीतल्या शाळेला कायमचे कुलूप लावायचे झाले, तर कोणाला विचारायचे?

मंडळी, हा प्रश्न हवेतला नाही. डिसेंबर 2017 मध्ये राज्य सरकारने दहा किंवा त्याहून कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत हलवायचे ठरवले होते. सप्टेंबर 2023 मध्ये 'समूह शाळा' आली. वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने मागवले आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचा नमुना पुढे ठेवला. अशा शाळा राज्यात 14,783 आणि त्यांतली मुले 1,85,467. भागाकार केलात तर शाळेमागे साडेबारा पोरे.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त झोंबते. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 वर आली. तरणी माणसे मुंबईला, घरात म्हातारा-म्हातारी. राहिलेल्यांतली काही मुले इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात. पट घसरतो तो असा.

सरकारची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. एकाच गुरुजींनी चार वर्ग सांभाळायचे, वर निवडणूक, सर्वेक्षण आणि कागदपत्रे. वर्गात सोबती नाही, खेळायला भिडू नाही. मोठ्या शाळेत हे मिळू शकते, नाही असे नाही.

पण अंतर नकाशावर मोजले जाते आणि पोर चालते पायवाटेने. पिरावाडीपासून जामडूलपर्यंत आचऱ्याच्या वाड्या किती विखुरलेल्या आहेत, ते तुम्हीच जाणता. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हाच व्हाळ भरतो. सहा वर्षांच्या पोराला साकवावरून एकटे कोण सोडणार? आई मजुरीला गेली, की शाळा बुडालीच. आधी मुलींची बुडते.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा हाताशी आहे. राज्याच्या 2011 च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर धरले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणे हे याच समितीचे काम. सहीपुरती समिती ठेवलीत, तर दोष फक्त वरच्यांचा नाही.

स्कॉटलंडमध्ये 2010 पासून यासाठी वेगळा कायदाच आहे. शाळा बंद करायची तर किमान सहा आठवडे लोकांचे म्हणणे घ्यावे लागते आणि जाहीर सभा घ्यावी लागते. खेड्यातली शाळा असेल तर दुसरा मार्ग कोणता, गावावर काय परिणाम होईल, मुलांची ये-जा कशी होईल, याचा खास विचार करावा लागतो. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. पण ग्रामसभा आहे.

तेव्हा सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पालकांनो, प्रस्ताव येण्याची वाट पाहू नका. वाडीत सहा वर्षांखालची मुले किती, त्याची अंगणवाडीतून यादी करा. शाळेची वाट भर पावसात चालून मोजा. ग्रामसभेत लेखी विचारा: गाडी कोण देणार, तिचा खर्च किती वर्षे चालणार, गाडी बंद पडली तर जबाबदार कोण, नव्या शाळेत वर्गागणिक शिक्षक मिळणार काय, रिकाम्या इमारतीचे काय होणार? उत्तरे पटली, तर एकत्र शाळेला हो म्हणायलाही लाजू नका. पटली नाहीत, तर ठराव करा आणि त्याची पोच घ्या.

आणि एक गोष्ट स्वतःलाही विचारा. शाळा टिकावी म्हणून सभेत हात वर करणाऱ्याचे स्वतःचे पोर कुठल्या शाळेत जाते? 'आमका कोणी इचारूक नाय' ही तक्रार खरीच. पण विचारायला आले, तर घरचा कौल तयार हवा.