आमचं घर झोन टू मध्ये आहे!

नागपुरात भूकंपाचा विषय काढून बघा. लगेच उत्तर येतं, "अरे, इथे ऊन मारेल आपल्याला, भूकंप काय करतो!" सिव्हिलवाला असेल तर तो जरा शास्त्रशुद्ध बोलतो, "नागपूर झोन टू मध्ये आहे. टेन्शन नॉट!"

झोन टू म्हणजे २००२ सालच्या भूकंप नकाशातला सगळ्यात कमी धोक्याचा पट्टा. पण कमी धोका म्हणजे शून्य धोका नाही. किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. हजारो माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात तो भाग झोन वन मध्ये, म्हणजे सर्वात सुरक्षित पट्ट्यात होता!

तिथे माणसं मेली ती घरांमुळे. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना न बांधलेले, आणि डोक्यावर मातीचं जड छत. धक्का बसला तशा भिंती फुटल्या आणि छत खाली आलं.

आता कुणी म्हणेल, किल्लारी कुठे, नागपूर कुठे! ठीक आहे, मग जबलपूर घ्या. २२ मे १९९७ ला तिथे भूकंप झाला. नकाशावर सरळ रेघ मारली तर नागपूरपासून साधारण २४० किलोमीटर. एवढ्या अंतरावरून आपली घरं लगेच पडतील असं मी म्हणत नाही. पण हा विषय आपला नाहीच, असंही म्हणता येत नाही.

आमच्या नंदनवनात जुनी घरं पुष्कळ आहेत. ९ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, कॉलम नाहीत. भिंतींनीच सगळं वजन पेललेलं. आमचंही घर असंच, आजोबांनी बांधलेलं. सध्या घरात चर्चा चालू आहे की पुढची भिंत तोडून दुकानासाठी शटर लावायचं आणि वर एक मजला चढवायचा. भाडं येईल, आणि त्याची गरज आहे हे मला कळतं. पण मी हरकत घेतली तर मोठे बाबा म्हणाले, "बेटा, चाळीस वर्षांत एक तडा गेला नाही या घराला."

हे खरंच आहे. पण ती चाळीस वर्षं भिंतीने फक्त वरून येणारं वजन पेललं. भूकंप घराला आडवा हलवतो, आणि ती परीक्षा या घराने अजून दिलेलीच नाही. त्यात खालची भिंत काढून वर वजन वाढवणं म्हणजे परीक्षेच्या आधी पुस्तक विकून टाकण्यासारखं आहे.

मग जुनं घर पाडायचं का? मुळीच नाही. आयएस १३९३५ हे आपलं मानक याच कामासाठी आहे. लिंटेलच्या वर प्लास्टर काढून भिंतीला वेल्डेड जाळीचा पट्टा खिळवायचा, तो कोपऱ्यांवरून न तोडता फिरवायचा आणि सिमेंट-रेतीच्या पक्क्या मसाल्याने झाकायचा. शक्यतो आतून-बाहेरून दोन्हीकडे. कोपऱ्यांत उभी सळई द्यायची. असं केलं की चार भिंती एका पेटीसारख्या एकत्र हलतात. गच्चीवर विटांच्या ठोकळ्यांवर ठेवलेली टाकी आणि खिडकीबाहेर टांगलेला कूलर नीट बांधायचा. प्लास्टरची दुरुस्ती काढलीच असेल तर हे काम त्यातच होतं, आणि नव्या मजल्याच्या मानाने खर्चही थोडा. फक्त मिस्त्रीच्या अंदाजावर न जाता आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवायचं.

किल्लारीनंतर सरकारने ५२ गावं नव्या जागी वसवली आणि बाकीच्या गावांत घरं मजबूत करायला मदत दिली. पण पुष्कळांनी त्या मदतीतून शेजारी नवी खोली बांधली. साहजिकच आहे. एकदा भिंतीने माणसं मारल्यावर तिच्यावर भरवसा कोण ठेवणार? म्हणून हे काम भूकंपाच्या आधीच करायचं असतं.

आपण मात्र फायनल इयरला नव्या कोऱ्या बिल्डिंगचं डिझाईन करतो, सॉफ्टवेअर भराभर उत्तर देतं, आणि प्रोजेक्ट संपतो. त्यातले दोन-चार ग्रुप सरांना घेऊन नंदनवनातली दहा जुनी घरं तपासायला गेले तर? कुठे कोपरा सुटलाय, कुठे शटरसाठी भिंत गेलीय, हे घरमालकाला मराठीत समजावून सांगायचं. निदान भिंत तोडायच्या आधी तो कुणाला तरी विचारेल. आमच्या घरी तरी शटरचं काम सध्या थांबलंय!