टपालांतील ठकबाजी व घरांतील धाक

जाणत्या गिऱ्हाइकास ठकविणें कठीण, म्हणून ठक मुलांकडे वळतो, ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. ‘कोडें सोडवा, घड्याळ मिळवा’ अशा जाहिराती मासिकांतून कित्येक वर्षें येत असत. कोडें इतकें सोपें कीं तें चुकणेंच अशक्य. उत्तर धाडतांच अभिनंदनाचें पत्र येई : बक्षीस लागलें आहे, खर्चाची रक्कम भरून व्ही. पी. तेवढी सोडवून घ्यावी. खाऊचे साठविलेले पैसे देऊन मूल पुडकें उघडी, तों आंत कवडीमोल वस्तु निघे.

व्ही. पी. ची पद्धत मूळची वाईट नव्हे. १८७७ सालीं ती आपल्याकडे सुरू झाली, व अनोळखी दुकानदार आणि दूरचें गिऱ्हाईक यांचा व्यवहार तिनें सुलभ केला. परंतु तिच्यांत आधीं पैसे द्यावयाचे व मग पुडकें फोडावयाचें. ठकाचें फावतें तें येथेंच. कायदा याविषयीं बेसावध नव्हता. कपट झाल्यास वसूल रक्कम रोखून ती परत देण्याचे नियम करण्याची तरतूद १८९८ च्या टपाल कायद्यांत होती. आतां त्याची जागा २०२३ च्या कायद्यानें घेतली आहे. वयानें अज्ञान असलेल्याचा करार मुळांतच रद्द होय, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं मोहरीबीबीच्या खटल्यांत दिला. कोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांवर १९५५ च्या कायद्यानें परवान्याचें बंधन घातलें.

इतकें असतां ठक सुटतो कसा? फिर्यादच होत नाहीं म्हणून. फसलेलें मूल बापाच्या माराला व आईच्या बोलण्याला भितें, आणि गप्प बसतें. तूट भरून काढण्यासाठीं उद्यां तें बापाच्या खिशांत हात घालील. पहिल्या दिवशीं त्यास ठकानें फसविलें; दुसऱ्या दिवशीं त्यास चोर कोणीं केलें, याचा विचार आईबापांनींच करावा.

व्यापारी वाचकांनीं आपल्या पेढीचाच दाखला घ्यावा. खोटें नाणें घेतलें म्हणून जेथें गुमास्त्याचा पगार कापतात, तेथें तो तें मालकास दाखवीत नाहीं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यांत मारतो. चूक सांगणाऱ्यास दंड व लपविणाऱ्यास सुटका, असा जेथें रिवाज, तेथील वह्या खऱ्या राहत नाहींत.

सौम्यतेनें मुलें बेफिकीर होतील, असा आक्षेप कोणी घेईल. आम्ही तूट माफ करा म्हणत नाहीं. मुलानें तिचा हिशेब लिहावा, तक्रारीचा अर्जहि वडिलांच्या शेजारीं बसून स्वतः लिहावा. शिक्षण तें हेंच. माराने तें एवढेंच शिकतें कीं पुढच्या वेळीं अधिक चतुराईनें लपवावें.

आज पुडक्याऐवजीं मोबाइलवरील संदेश येतो, व खाऊच्या पैशांऐवजीं बापाच्या बँकेंतील शिल्लक जाते. अशा फसवणुकीसाठीं सरकारनें १९३० हा दूरध्वनि क्रमांक ठेवला आहे. तेथें जितक्या लवकर कळवावें, तितका पैसा बँकेंत अडविला जाण्याचा संभव अधिक. पूर्वीं मुलाच्या मौनानें चार रुपये बुडत. आतां एका रात्रीच्या मौनानें घरची पुंजी जाऊं शकते. म्हणून प्रत्येक आईबापांनीं मुलास आजच, कांहीं घडण्यापूर्वीं, स्पष्ट सांगून ठेवावें कीं, फसलास तर प्रथम आमच्याकडे ये, तुला मार बसणार नाहीं. आणि तें वचन पाळावें.