आधी बामणी, मग बदामी

आज १८ एप्रिल, जागतिक वारसा दिन. स्मारकांच्या जतनासाठी काम करणाऱ्या ‘इकोमॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ मध्ये हा दिवस सुचवला आणि पुढच्या वर्षी युनेस्कोने त्याला मान्यता दिली. एरवी आपल्याकडे तो कधी उजाडतो आणि कधी मावळतो याचा पत्ता लागत नाही. यंदाची गोष्ट जरा वेगळी आहे. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत आपला पन्हाळा आहे. त्यानंतरचा हा पहिलाच वारसा दिन. सिद्दी जौहरचा वेढा चार महिने सोसलेल्या, १६६० च्या आषाढ पौर्णिमेच्या रात्री शिवाजी महाराज जिथून निसटून विशाळगडाकडे गेले त्या गडाला जगाने ओळखले, याचा कोल्हापूर जिल्ह्याला अभिमान वाटणे रास्तच आहे.

पण जगाने नावाजलेल्या गडावर जाऊन फोटो काढायला काही लागत नाही. पन्हाळ्याला आता गर्दीची वाण नाही; असलाच तर गर्दीचा त्रास आहे. आमचा प्रश्न त्याच जिल्ह्यातल्या इतर शेकडो दगडांचा आहे, ज्यांच्याकडे युनेस्को कधी येणार नाही आणि आपण तर रोज जाता-येता त्यांना पाहूनही न पाहिल्यासारखे करतो.

कागलच्या अंगावरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. सुट्ट्या लागल्या की हंपी, बदामी, पट्टदकलकडे निघालेल्या गाड्यांची रीघ लागते आणि हल्ली तीत कागलच्याही गाड्या असतात. जावे, जरूर जावे. बदामीची लेणी पाहिल्याशिवाय चालुक्य म्हणजे काय होते ते कळायचे नाही. आमची तक्रार प्रवासाबद्दल नाही, त्याच्या क्रमाबद्दल आहे. कागल म्हटले की महाराष्ट्राला घाटगे घराण्यातून करवीरच्या गादीवर दत्तक गेलेले शाहू महाराज आठवतात, आनंद यादवांची ‘झोंबी’ आठवते. खुद्द कागलकरांना मात्र आपल्याच गावाच्या धाग्यादोऱ्यांची फारशी खबर नसते. दौलतराव शिंद्यांची राणी बायजाबाई ही कागलकर सर्जेराव घाटग्यांची लेक. काशीत ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप तिने १८२८ मध्ये बांधवला. काशीयात्रा करून आलेल्या, गंगाजलाचे गडू वाटलेल्या आपल्या किती आयाबायांना हे कोणी सांगितले असेल?

काशी लांब राहिली, बामणी तर हाकेच्या अंतरावर आहे. कागलच्या नैर्ऋत्येला पाच मैलांवरचे हे गाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे संस्कृत शिकवून मायदेशी परतलेले जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी इथल्या जैन मंदिरापाशी असलेल्या शिळेवरचा लेख वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला. लेख शके १०७३ चा, म्हणजे इसवी सन ११५० चा. भाद्रपद पौर्णिमा, वर चंद्रग्रहण. शिलाहार राजा विजयादित्य पार्श्वनाथाच्या मंदिराला दान देतो आहे. मंदिर राजाने बांधलेले नाही, कामगावुंड नावाच्या एका स्थानिक असामीने उभारलेले आहे. राजा अर्हनंदी या जैन आचार्यांचे पाय धुऊन शेत, फुलबाग आणि राहते घर मंदिराच्या नावे करतो. कशासाठी? पूजेसाठी, मुनींच्या आहारासाठी आणि मंदिराची पडझड झाली तर ती सावरण्यासाठी.

या तिसऱ्या कारणापाशी आम्ही थबकतो. मंदिर तेव्हा फार जुने नसावे. तरीही देणाऱ्याला ठाऊक होते की दगडही फुटतो, छतही गळते आणि त्याची तजवीज आजच करून ठेवायला हवी. म्हणून त्याने जमीन मोजून दिली, उत्पन्न लावून दिले. आमच्या काळात पुरातन वास्तूसाठी पैसा मंजूर होतो तो ‘सुशोभीकरणा’चा. त्यातून गावाच्या वेशीवर कमान येते, पेव्हर ब्लॉक येतात, रंगीत दिवे येतात, मान्यवरांच्या नावांचा ग्रॅनाइटचा फलक तर आधी येतो. शिखराच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप काढायला माणूस मात्र कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले ते बी. पहिल्या पावसाळ्यात ते दोन बोटांनी उपटून येते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मूळ सांध्यात शिरते. पाच-सात वर्षांनी वरचे रोप कापले तरी आतली मुळी फुगतच राहते, आणि मग एका पावसाळ्यात चिरा सरकतो. त्यानंतर गावची बैठक भरते, मंदिर धोकादायक ठरते, जीर्णोद्धार समिती निवडली जाते आणि आठशे वर्षांचे दगड ट्रॉलीत भरून ओढ्याकाठी टाकले जातात. त्या जागी सिमेंटचा सभामंडप, आत चकचकीत फरशी, दाराला स्टीलचे ग्रिल. देणगीदारांची श्रद्धा खरी असते, कष्ट खरे असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण परिणाम व्हायचा तोच होतो.

देवळाच्या आवाराची हीच कथा, तर वीरगळांचे काय सांगावे! करवीर-कागल भागात असे गाव विरळा, जिथे पारावर, वेशीत किंवा मारुतीच्या मागे एखादा वीरगळ टेकवून ठेवलेला नाही. करवीर तालुक्यातल्या बीड गावात तर ते मोठ्या संख्येने आहेत. हा दगड खालून वर वाचायचा असतो, हे शाळेत कोणी शिकवत नाही. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई, कधी गाईंच्या कळपासाठी झालेली चकमक, आणि पडलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेत आहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे. माथ्याशी कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. बहुतेकांवर नाव नाही. राजाचे नाव ताम्रपटात गेले, या माणसाचा उल्लेख करणारी एवढी एकच वस्तू जगात उरली आहे. तिला आम्ही यात्रेच्या आदल्या आठवड्यात चंदेरी ऑइल पेंट फासतो. तीन-चार हात बसले की घोडा कुठला आणि माणूस कुठला हे कळेनासे होते.

कायदे नाहीत असे नाही. केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, राज्याचा १९६० चा आहे. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास केंद्राच्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे सारे यादीतल्या स्मारकांपुरते. पारावरचा वीरगळ बहुधा कुठल्याच यादीत नसतो, आणि जे यादीत नाही ते सरकारदरबारी नाहीच. त्याला वाली एकच, गाव.

मग गावाला ते दाखवायचे कोणी? इथे शाळांच्या सहलींकडे वळावे लागते. एसटी महामंडळ शैक्षणिक सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते. ही सवलत फार मोलाची आहे, कारण आपल्या अनेक मुलांचा घराबाहेरचा पहिला मोठा प्रवास याच लाल गाडीतून होतो. पण सहलीचा आराखडा पाहावा. जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी, खिद्रापूर, एका दिवसात सगळे. खिद्रापूरला मुले उतरतात, रांगेत दर्शन घेतात, मंडपात एक फोटो होतो आणि गुरुजींची शिट्टी वाजते. गुरुजींचा तरी काय दोष? बाकीची ठिकाणे आणि पालकांना दिलेली परतीची वेळ त्यांच्या डोक्यावर असते.

खिद्रापूरच्या कोपेश्वराला असे उरकता येत नाही. कृष्णाकाठचे हे शिलाहारांचे देऊळ. देवगिरीच्या यादव सिंघणाचा संस्कृत लेखही तिथे आहे. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, आभाळाएवढा मोकळा गोल आहे. बरोबर त्याच्याखाली जमिनीत तसाच गोल शिळेचा चौथरा. भोवती बारा खांब. एकच खांब धरून त्याच्याभोवती फिरावे: खाली चौकोन, मध्ये अष्टकोन, वर वर्तुळ, आणि मध्येच इतके गुळगुळीत अंग की हात फिरवल्याशिवाय तो दगड आहे यावर विश्वास बसू नये. भूमिती शिकवायला याहून चांगला फळा कोणत्या शाळेत आहे? बाहेर आलात की तळाशी हत्तींची रांग सगळे देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे. कित्येकांच्या सोंडा तुटल्या आहेत, त्या कोणी आणि कधी तोडल्या असतील असे मुलांनी विचारावे. देवळात महादेव आहे पण नंदी नाही. तो नदीपलीकडे, कर्नाटकात गेलेल्या यडूरला आहे. सीमाभाग म्हणजे काय हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही. आणि २०१९ च्या महापुरात इथे पाणी शिरले होते, तेव्हा नदी, ऊस आणि धरणांचा धडाही याच अंगणात होऊ शकतो. अर्धा दिवस द्या. बाकीची तीन ठिकाणे पुढच्या वर्षी.

गडहिंग्लज तालुक्यातल्या सामानगडाचेही तेच. ढासळलेला तट पाहून मुले म्हणतात, किती जुना किल्ला! तट नुसत्या वयाने पडलेला नाही. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी वतनाच्या जमिनींवरून उठाव केला तो याच गडावरून. तो मोडल्यावर इंग्रजांनी गडांची बळकटी जाणूनबुजून उतरवली. पन्हाळा आणि भुदरगडही त्यात सापडले. हे कोणी सांगितले नाही तर पडका तट म्हणजे फक्त फोटोची पार्श्वभूमी.

आणि ज्यांना एवढेही जमणार नाही, त्यांच्यासाठी कोल्हापूरचा टाऊन हॉल. ज्यांचा पेशंट सीपीआर रुग्णालयात आहे अशी तालुक्यातली माणसे तिथल्या बागेत झाडाखाली तासन् तास बसून असतात. शेजारच्याच दारातून आत गेले की संग्रहालयात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी आपल्या या गावाचा व्यापार होता, याचा तो पुरावा. परदेशी अभ्यासक त्यासाठी कोल्हापूर गाठतात; आपण बागेतल्या बाकावरून उठत नाही.

सरकारकडे मागण्या करायच्या त्या आम्ही करूच. पुरातत्त्व विभागाकडे माणसे कमी आहेत, निधी तुटपुंजा आहे, हे रडगाणे जुने आहे आणि खरेही आहे. पण कागल तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने यंदाच्या वर्षात एक वही घालावी, याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. गावातला प्रत्येक जुना दगड, त्याची जागा, लांबी-रुंदी, फोटो आणि त्याच्याबद्दल म्हातारी माणसे काय सांगतात ते तीत लिहावे. हे काम जिल्हा परिषदेच्या शाळेतली सातवीची मुले आठवड्यात करतील आणि हौसेने करतील. मंदिर समित्यांनी हातोडा उचलण्याआधी पुरातत्त्व विभागाला एक पत्र धाडावे. वर्षातून एकदा, श्रावणाच्या तोंडावर, शिखरावरची रोपे उपटायला दोन तरुण चढवावेत. यात्रेच्या वर्गणीतला अगदी थोडा वाटा त्याला पुरेल.

उन्हाळ्याची सुट्टी लागतेच आहे. बदामीचे बुकिंग झाले असेल तर रद्द करू नका. फक्त निघण्याआधीच्या रविवारी मुलांना घेऊन बामणीला जाऊन या, आणि घराकडे परतताना आपल्याच गावच्या पारावर थांबा. तिथे कोणी वीरगळाला रंग द्यायला बसले असेल, तर त्याला नमस्कार करून डबा खाली ठेवायला सांगा.